आठव्याच्या आधी नववा

मित्रांनो, मी एक जुनं पुस्तक आहे, आणि मला हातात घेण्याआधी तुम्ही बोटं पुसली आहेत की नाहीत, याची मला शंका आहे. रागावू नका. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी तर दूध, चहा, सर्दीचं औषध आणि एका बाळाची लाळ, इतक्या गोष्टींनी पोळलो आहे. त्यामुळे कुणी प्रेमाने जवळ आलं, की मी आधी त्याचे हात बघतो आणि मग डोळे.

माझं नाव 'उलट्या नदीचा प्रदेश'. माझ्या पोटात एक नदी आहे. ती समुद्रातून निघते आणि डोंगराकडे चढत जाते. तिच्या काठाकाठाने एक मुलगी फिरते. विझलेले दिवे लावत जाणं हे तिचं काम, म्हणून तिला सगळे दिवेलावी म्हणतात. आणि त्या नदीवर एक नावाडीण आहे. तिच्या हाताला वल्ह्याचे घट्टे आणि जिभेवर कायम एखादा टोमणा. दिवेलावीला ती या काठावरून त्या काठावर नेते, तिची थट्टा करते, तिला आपल्या पांघरुणात घेते, आणि शेवटच्या खेपेला धुक्यात बुडते. लहान मुलांच्या पुस्तकात असं कुणी कुणाला बुडवतं का? पण माझ्या लेखिकेने बुडवलं. पुष्कळ मुलं त्या पानावर रडली आहेत. कागद तिथे अजून खडबडीत लागतो.

आम्ही पुस्तकं आतून कशी असतो, ते थोडं सांगतो, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही. छापखान्यात एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात. त्या कागदाच्या घड्या घातल्या, की सोळा पानांची एक चिमुकली चोपडी होते. तिला म्हणतात फर्मा. पहिला फर्मा, दुसरा फर्मा, असे मण्यामागे मणी ओवावेत तसे फर्मे शिवत गेलं, की पुस्तक होतं. मणी मागेपुढे झाला तर माळेला काही होत नाही. पुस्तकाला मात्र होतं.

माझी पहिली वर्षं एका लहानशा ग्रंथालयात गेली. माझ्या पहिल्याच पानावर तिथला जांभळा शिक्का बसला. ते दिवस कौतुकाचे होते. मुलं मला नेण्यासाठी ताटकळत उभी राहायची. एकाने तर दुसऱ्या कुणी नेऊ नये म्हणून मला कायद्याच्या जाडजूड ग्रंथांच्या मागे लपवून ठेवलं होतं; तिथे मी धूळ खात पडलो आणि ग्रंथपालबाईंचा संशय मात्र भलत्याच मुलावर गेला. तेव्हापासून मला कळलं, की माणसं शोधतात कमी आणि संशय घेतात जास्त. चूक कुठे आहे ते बघायला वेळ लागतो. संशय घ्यायला एक नजर पुरते.

हात फार लागले की अंग झिजतं. माझा कणा मोडला, पानं लोंबायला लागली, आणि मला बांधणीसाठी बाइंडरकडे पाठवलं गेलं.

ती एक लांबट खोली होती. खळीचा आंबूस वास, कोपऱ्यात पुठ्ठ्यांची चवड, भिंतीशी पातं वर करून उभं असलेलं कटिंग मशीन. मधल्या टेबलाशी बायका शिवायला बसायच्या, हातात दाभण, मांडीवर मेण लावलेला दोरा. त्यांतल्या एकीच्या वाट्याला मी आलो. तिला सगळे आत्या म्हणत, कारण तिची भाची तिच्याबरोबर कामाला यायची आणि दिवसभर टेबलाखाली 'आत्या, आत्या' असा घोष लावायची. भाचीचे आईवडील दोघंही दिवसपाळी-रात्रपाळीच्या कामाला. पोर मग आत्याच्या पदरी. एका जागी ठरायची नाही म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी.

आत्याने माझा जुना दोरा कापला, फर्मे सुटे केले, फाटल्या पानांना पातळ कागदाची ठिगळं लावली. मग फर्मे पुन्हा एकावर एक रचायची वेळ आली. आत्या पानांचे आकडे बघत नसे. ती गाणं म्हणे. त्या खोलीतली ती जुनी रीतच होती: एकेका फर्म्याला एकेक ओळ, ओळ संपली की हात पुढच्या फर्म्यावर. ते गाणं असं:

पहिल्या फर्म्या रे, उंबऱ्यात थांब,
दुसऱ्याची वाट रे, आहे फार लांब…

आणि पुढे, खूप पुढे:

आठव्या फर्म्या रे, आवर पसारा,
नवव्याच्या मागे रे, सुटला वारा…

गाणाऱ्या बाईशी मध्येच बोलायचं नाही, असा तिथला दंडक. पण टेबलाखालच्या पोरीला दंडक कोण सांगणार? भिंगरीला वाऱ्याची ओळ भारी आवडायची. आत्या सातव्यावर आली तशी ही खालून ओरडली, "नवव्याच्या मागे ले, सुत्ता वाला." आत्याला हसू आलं. हसता हसता तिने तीच ओळ म्हटली, आणि हात तोंडामागे गेला. नववा फर्मा आधी बसला. मग आठव्याची ओळ म्हणून तिने आठवा ठेवला आणि दहाव्याकडे वळली. मला आतून टोचलं, पण आम्हाला ओरडता येत नाही. दोरा आरपार गेला, गाठ बसली.

चूक सापडायची एकच खूण उरली होती, पानांच्या तळाचे आकडे. कटिंग मशीनवाल्याने माझ्या कडा सारख्या करायला पातं जरा आतच घेतलं. खरकन आवाज झाला आणि सगळे आकडे कातरणांच्या टोपलीत गेले. आता मला नवं कापड होतं, ताठ कणा होता, आणि पोटात घोळ होता.

घोळ म्हणजे काय, तर ऐका. सातव्या फर्म्यानंतर एकदम नववा येतो. तिथे सांधा थोडा अडखळतो. एका पानात दोघी काठावर असतात आणि पुढच्या पानात भर पाण्यात. पण जादूच्या गोष्टीत एवढं चालतं, असं समजून वाचणारा पुढे जातो. नवव्या फर्म्यात नावाडीण बुडते. त्याची शेवटची ओळ अर्धवट आहे: 'धुकं विरलं तेव्हा नावेत'. खरं म्हणजे पुढे यायला हवं दहाव्याचं पहिलं वाक्य, 'कुणीच नव्हतं.' पण माझ्यात पुढे येतो आठवा. आणि तो सुरू होतो असा: 'बसलेली नावाडीण हसून म्हणाली, अशी बघतेस काय? बस.'

वाचून बघा एका दमात. धुकं विरलं तेव्हा नावेत बसलेली नावाडीण हसून म्हणाली, अशी बघतेस काय? बस.

बुडालेलं माणूस परत आलं की नाही?

मी ग्रंथालयात परत गेलो नाही. तेवढ्यात ते बंदच पडलं. बाइंडरने दोनदा निरोप पाठवला, कुणी आलं नाही. शेवटी त्याने मला आत्याच्या हातात दिलं आणि म्हणाला, पोरीला वाचून दाखव, इथे उंदीर खातील.

भिंगरी माझ्यावरच वाचायला शिकली. आधी आत्या वाचायची, मग दोघी मिळून, मग भिंगरी एकटी. नावाडीण बुडाली की ती पान उलटायच्या आधी थांबायची, आत्याकडे बघायची, मग उलटायची. आत्याला कधी काही खटकलं नाही. पानांना आकडे नाहीत हे भिंगरीने एकदा विचारलं, तेव्हा आत्या म्हणाली, उलट्या नदीच्या पुस्तकात आकडे तरी सुलटे कशाला हवेत. दोघींचं समाधान झालं. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकत राहायची, की हे सुख किती दिवसांचं?

आत्याचा एकच नियम होता. मला घराबाहेर न्यायचं नाही. "शिक्का दुसऱ्याचा आहे त्याच्यावर," ती सांगायची. "आपल्याला बाइंडरने दिलं, पण हे कुणाकुणाला पटवत बसणार? लोकांना दोरीचा साप करायला वेळ लागत नाही."

आणि इथेच माशी शिंकली. भिंगरी शाळेत मोठ्या वर्गात गेली, त्या वर्षी माझी नवी आवृत्ती निघाली. गुळगुळीत, रंगीत, कोऱ्या वासाची. वर्गातल्या बऱ्याच जणांनी ती वाचली. सगळ्यांत आधी वाचली ती वर्गातल्या हुशार मुलीने. तिची बोटं कायम शाईने भरलेली, म्हणून ती शाईबाई. नावाडीण गेली म्हणून शाईबाई एक दिवस मधल्या सुट्टीत हुंदके देत होती. भिंगरी धावत गेली आणि म्हणाली, रडू नकोस, ती परत येते ना.

शाईबाई म्हणाली, येत नाही. भिंगरी म्हणाली, येते. शाईबाईने पुस्तक आणून दाखवलं: 'कुणीच नव्हतं.' भिंगरी म्हणाली, माझ्या पुस्तकात आहे. मग आण, म्हणाली शाईबाई. आणता येत नाही, घरी येऊन बघ, म्हणाली भिंगरी. हे ऐकून वर्गात जे हसू पिकलं ते पुढे वर्षभर वाळलं नाही. तिचं नाव थापाडी पडलं.

नाव पडणं सोपं असतं, मित्रांनो, उचलणं कठीण. भिंगरीने कुणाची हरवलेली टोपी जिन्यात पाहिल्याचं सांगितलं, तरी कुणी जिन्यात जाईना. पोट दुखतंय म्हणाली, तर बाई म्हणाल्या, खरंच का? हळूहळू ती वर्गात बोलेनाशी झाली. घरी येऊन मला उघडायची आणि ते पान पुन्हा पुन्हा वाचायची, जणू कुणी रातोरात शब्द बदलले असतील. तिचा माझ्यावर संशय नव्हता. तिचा संशय होता नव्या आवृत्तीवर. तिथून कुणीतरी पानं गाळली, असं तिने पक्कं ठरवलं होतं. गंमत बघा: शाईबाईला भिंगरी खोटी वाटत होती, भिंगरीला नवं पुस्तक खोटं वाटत होतं, आणि खरं काय ते फक्त मला ठाऊक होतं आणि मला तोंड नव्हतं.

मग एका दुकानाच्या काचेवर चिकटवलेला कागद भिंगरीने वाचला. उलट्या नदीची लेखिका येणार होती. बोलणार होती, प्रश्नांची उत्तरं देणार होती, पुस्तकांवर सह्या करणार होती.

भिंगरीने घरी येऊन आत्याला एवढंच सांगितलं, की लेखिकेने सगळ्यांसमोर सांगितलं तर मानतील. आत्याने आपला नियम बाजूला ठेवला. मग तिने मला एका मऊ फडक्यात गुंडाळलं आणि पिशवीत ठेवलं. त्याच पिशवीत तिची सुरी होती, दोरा कापायची. कामावरून ती परस्पर तिथे येणार होती. मला त्या सुरीचा शेजार मुळीच आवडला नाही.

पुस्तकांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर ती बैठक होती. दाराशी छातीवर बिल्ला लावलेला एक माणूस उभा. आज इथून घेतलेल्या पुस्तकांवरच सही मिळेल, असं तो प्रत्येकाला एकाच सुरात सांगत होता. भिंगरीने मला फडक्यातून काढलं, तसा त्याचा सूर बदलला.

"हे आमच्याकडचं नाही."

"नाही, आमच्याकडचं आहे," आत्या म्हणाली.

त्याने पहिलं पान उघडलं. "आणि हा शिक्का?"

"ग्रंथालयाचा. ते बंद पडलं."

"लोकांनी पुस्तकं परत केली नसतील, म्हणून पडलं असेल."

"दादा," आत्या म्हणाली, "चोरायचंच असतं तर धडधाकट चोरलं असतं. याची पाठ बघा, माझ्यापेक्षा वाकलीय."

मागे रांगेत कुणीतरी हसलं. बिल्लेवाल्याने आत सोडलं, पण सही मिळणार नाही हे बजावून, आणि मग पूर्ण वेळ तो आमच्यावर डोळा ठेवून भिंतीशी उभा राहिला. हॉल भरला होता. पुढून दुसऱ्या रांगेत शाईबाई बसली होती, मांडीवर माझीच चकचकीत धाकटी बहीण घेऊन. तिने भिंगरीकडे वळून पाहिलं. भिंगरी खुर्चीत आक्रसली आणि तिने मला छातीशी इतकं घट्ट धरलं, की तिचं काळीज मला पुठ्ठ्यातून ऐकू येत होतं.

मग लेखिका आली. खरं सांगू? मला ती माझी लेखिका वाटलीच नाही. माझ्या मागच्या पुठ्ठ्यावर एक लांब वेणीची तरुण बाई होती, हसणारी. बांधणीच्या वेळी तो पुठ्ठा गेला, पण चेहरा माझ्या लक्षात आहे. ही आखूड पांढऱ्या केसांची, एका मनगटाला पट्टा बांधलेली, आणि बसण्याआधी तिने खुर्ची हलवून बघितली, मोडकी तर नाही ना. तेवढ्यावरून मात्र मला ओळख पटली. आपल्यासारखंच कुणीतरी आहे, असं वाटलं.

ती छान बोलली. नदी उलटी का वाहते, असं लोक विचारतात. सुलटी का वाहते हे कुणी विचारत नाही, म्हणाली. मग तिने आपलं दुखणंही सांगितलं. तिच्या पुस्तकांच्या नकला निघत होत्या. पानं गाळलेल्या, भलतीच पानं घातलेल्या. एका मुलाने तिला पत्रातून शिव्या घातल्या होत्या, गोष्टीला शेवटच नाही म्हणून. शेवट नकलाकाराने खाल्ला होता. तेव्हापासून ती कुठल्याही पुस्तकावर सही करण्याआधी त्याचा वास घेते आणि कागद चोळून बघते. सगळे हसले. मी हसलो नाही. माझी पानं आतल्या आत गार पडली.

प्रश्न सुरू झाले. ड्रॅगन का नाहीत, पुढचा भाग कधी, असं काय काय. मग भिंगरीने हात वर केला. ध्वनिक्षेपक तिच्यापर्यंत आला. तिचा आवाज जरा मोठाच फुटला.

"नव्या आवृत्तीत तुम्ही नावाडिणीला परत का येऊ दिलं नाही?"

लेखिकेच्या कपाळाला आठी पडली. "परत? कुठून परत?"

"बुडाल्यावर. जुन्या पुस्तकात ती परत येते."

हॉलमध्ये खसखस पिकली. पुढून दुसऱ्या रांगेत कुणीतरी 'थापाडी' म्हणालं, आणि ते हळू म्हटलेलं सगळ्यांना ऐकू गेलं.

"ती परत येत नाही, बाळ," लेखिका म्हणाली. "मी लिहिलंय ना, मला ठाऊक असणार."

मला वाटलं, आता भिंगरी खाली बसणार. ती बसली नाही. "माझ्या पुस्तकात येते," ती म्हणाली. "वर्गात मला सगळे थापाडी म्हणतात. तुम्ही एकदा बघा, आणि मग तुम्हीपण म्हणा."

लेखिकेने हात पुढे केला.

रांगेतून हातोहात मी पुढे गेलो आणि तिच्या टेबलावर जाऊन पडलो. तिने मला उचललं. वास घेतला. आत्याच्या खळीचा वास आला असणार. कागद दोन बोटांत चोळला. पानाचा तळ बघितला, आकडा नाही. पुन्हा दुसरं पान, तिथेही नाही. तिच्या डोळ्यांत संशय गडद होत चालला होता. आयुष्यात खूप जणांनी माझ्याकडे तसं पाहिलंय, पण जिने मला लिहिलं तिनेच तसं बघावं, याच्यासारखं दुःख नाही. तिच्या हातात मी परक्या घरी सोडलेल्या लेकरासारखा पडून राहिलो.

भिंगरीने खूण घातलेलं पान तिने काढलं आणि वाचू लागली. ती स्वतःशीच वाचत होती, पण ओठ हलत होते आणि समोरचा ध्वनिक्षेपक चालू होता. हॉलभर तिचा आवाज पसरला: "धुकं विरलं तेव्हा नावेत… बसलेली नावाडीण हसून म्हणाली, अशी बघतेस काय? बस."

ती थांबली. शाईबाईने आपल्या मांडीवरचं पुस्तक उघडलं, पान शोधलं, आणि तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

बिल्लेवाला पुढे झाला. "नक्कल आहे, बाई. मी दारातच ओळखलं होतं. बाजूला ठेवतो." त्याचा हात माझ्यावर पडला.

"थांबा," लेखिका म्हणाली. "कागद माझ्याच पुस्तकाचा आहे." तिने मला उजेडात धरलं, पानांच्या मधोमध, जिथे दोरा दिसतो तिथे डोळा लावला, चार पानं मागे गेली, चार पुढे. मग तिचे खांदे सैल झाले. "नक्कल नाही. फर्मा मागेपुढे लागलाय. आठव्याच्या आधी नववा." तिने लोकांना समजावून सांगितलं, मी तुम्हाला सांगितलं तसंच.

मागच्या रांगेतून आत्या उठून पुढे आली. तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. "शिलाई माझी आहे," ती म्हणाली, आणि माझ्या कण्यावरून अंगठा फिरवला. "इतकी वर्षं वाचलं, कळलं नाही. भिंगरे, घरी गेल्यावर दोरा कापते आणि नीट लावून देते. होईल सरळ."

तिचा हात नकळत पिशवीवर गेला. माझ्या पानापानातून सुरी फिरल्यासारखं झालं. सरळ होणं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. नावेत कुणीच नव्हतं, हे सरळ होणं.

पण सगळ्यांत आधी कोमेजली ती भिंगरी. लोक तिच्याकडे बघून मान हलवत होते, ती खोटी नव्हती हे आता हॉलला कळलं होतं, आणि तरी तिचे डोळे भरून आले होते. तिने लेखिकेला विचारलं, "म्हणजे ती खरंच बुडाली?"

लेखिकेने खोटं सांगितलं नाही. "हो," ती म्हणाली.

भिंगरीने माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच. जसं दारातल्या माणसाने पाहिलं होतं, तसं. मित्रांनो, त्या नजरेपुढे उंदीर परवडला.

लेखिकेलाही ते दिसलं असावं. तिने मला बंद केलं नाही. त्याच पानावर हात ठेवून तिने विचारलं, "इतके दिवस तुला काय वाटायचं? ती परत कशी आली असेल?"

"त्यात काय," भिंगरी नाक ओढत म्हणाली. "नदी उलटी आहे ना. तिच्यात वाहून गेलेलं माणूस खाली कसं जाईल? ते वरच येणार."

लेखिकेने पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. मग ती ध्वनिक्षेपकापासून तोंड फिरवून बोलली, पण मी तिच्या हातात होतो, मला ऐकू आलं.

"नदी मी उलटी केली," ती म्हणाली, "आणि माणूस मात्र सुलट्या नदीत बुडवलं."

मग ती पुन्हा लोकांकडे वळली आणि एकच गोष्ट सांगितली, की ही मुलगी थापा मारत नाही. तिने जे वाचलं तेच सांगितलं, आणि आधी कुणी ते उघडून बघितलं नाही. पट्टा बांधलेल्या हाताने तिने पेन धरलं. बिल्लेवाला काहीतरी पुटपुटला, आज घेतलेल्याच पुस्तकांवर वगैरे. तिने ऐकलं नाही. पहिल्या पानावर शिक्का आहे तिथे तिने सही केली नाही. नववा संपतो आणि आठवा सुरू होतो, त्या दोन पानांच्या मधल्या समासात तिने बारीक अक्षरात लिहिलं: 'इथलं मला माहीत नव्हतं.' आणि खाली आपलं नाव. शाई सुकेपर्यंत ती त्यावर हळूच फुंकर घालत राहिली.

लोक जिना उतरू लागले तेव्हा आत्याने पुन्हा विचारलं, "मग, लावू का नीट?" भिंगरीने मान हलवली. नको म्हणाली. आत्याने पिशवीचं तोंड दोरीने बांधून टाकलं.

जिन्याच्या वळणावर शाईबाई उभी होती. माफी वगैरे काही मागितली नाही तिने; त्या वयात कोण मागतं? तिने आपलं नवं पुस्तक पुढे केलं आणि म्हणाली, "हे तू ने. ते मला दे. रविवारपर्यंत."

भिंगरीने आत्याकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, नको. हिची बोटं बघ. ही मला शाळाभर फिरवेल, परत द्यायची नाही, काहीतरी सांडेल. आत्याने इतक्या वर्षांत मला दुसऱ्याच्या हाती कधी सोपवलं नव्हतं. मग ती म्हणाली, "दे. पण पिशवीसकट दे. आणि सुरी मला काढून घेऊ दे आधी."

असा मी पहिल्यांदा घराबाहेर राहिलो. शाईबाईच्या घरी मला कुणी टेबलावर आपटलं नाही. ती त्या पानापाशी आली तेव्हा तिने पान उलटायच्या आधी थांबून खिडकीकडे पाहिलं, मग उलटलं. आणि नंतर खूप वेळ वाचलंच नाही, नुसती हात ठेवून बसली. तिकडे भिंगरीने त्या नव्या पुस्तकात नावाडिणीला पहिल्यांदा खरंच बुडताना वाचलं. ती रडली म्हणे, पोटभर. आत्याने तिला थांबवलं नाही. रविवारी दोघींनी पुस्तकं परत केली आणि तिथेच पायरीवर बसून बोलत राहिल्या, की जुन्या पुस्तकातही पुढे दिवेलावी एकटीच काठावर उतरते ती का. नावाडीण आली होती तर गेली कुठे. शाईबाईचं म्हणणं पडलं, तिला दुसऱ्या कुणाला तरी आणायला जायचं असणार. भिंगरीला ते पटलं.

आता मी फार फिरतो. वर्गातल्या एकेकीच्या घरी जाऊन आलो. माझ्या कापडाचा रंग उडाला, ठिगळांवर ठिगळं बसली, कणा पुन्हा करकरायला लागला आहे. आमचे दिवस संपत येतात ते असे, हातांनी. तक्रार नाही. फक्त माझा स्वभाव संशयी, म्हणून तुम्हाला चार गोष्टी सांगून ठेवतो. पुस्तकाची पानं दुमडू नका. कणा उलटा मोडून त्याला टेबलावर पालथं घालू नका. दोरा सुटला तर टाकून देण्याआधी शिवणाऱ्या माणसाकडे न्या. संशय घ्यायचा असेल तर माझ्यासारख्या पुस्तकावर खुशाल घ्या, आम्ही सोसतो. आणि कुणी एखाद्या दिवशी तुमच्या पुस्तकात नसलेली गोष्ट तुम्हाला सांगितली, तर त्याला थापाड्या म्हणण्याआधी त्याच्या शेजारी बसा आणि म्हणा, तुझं पुस्तक दाखव.